रानमांजराची पुंगळी

पिंपळगाव राजा, मंगळवार, दिवेलागण

बाबांच्या जुन्या रायफलीच्या काडतुसात दारू किती भरायची, ते शेवटी इंटरनेटवर विचारलं. बाबांनी जपलेल्या एकुलत्या एका रिकाम्या पुंगळीचा फोटोही टाकला. आज कुण्या परदेशी म्हाताऱ्याचं उत्तर आलं. म्हणे, हे 'वाइल्डकॅट' आहे.

हसूच आलं. बाबाही म्हणायचे, "हे रानमांजराचं काडतूस हाय." आम्ही पोरं समजायचो, रानमांजर मारायचं असेल. हरभऱ्यात डोळे चमकले की वाटायचं, आलं! पण म्हाताऱ्यानं पुढे लिहिलंय, कारखान्यात न बनलेल्या, कुणीतरी घरीच आकार बदलून केलेल्या काडतुसाला तसं म्हणतात. त्याचं माप कुठल्याच पुस्तकात नसतं, करणाऱ्यालाच ठाऊक.

करणारे बाबा. ते तर गेले. आता विचारू कोणाला?

चुलतभाऊ गजा म्हणाला, "अंदाजानं भर ना बे. डुकरं मका खाऊन राह्यले."

"अन् नळी फुटली तं? डोळे तुह्ये जातीन का माह्ये?" चिडलोच मी. तो निघून गेला.

मग पुंगळी घेऊन ओट्यावर बसलो. मक्यावर धुकं उतरत होतं. हिच्या तोंडावर फुंकर मारून बाबा शीळ घालायचे, शेतातून घराजवळ आले की. पितळ ओठाला गार लागलं. आधी नुसतीच हवा. किती जोरात फुंकायचे ते? मग हळूच फुंकलं, अन् तीच शीळ.

आत आईचा डोळा लागला होता. झोपेतच म्हणाली, "आले का हो? ताट वाढू?"