कोरा कागद

दिनांक १४, मंगळवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी तुझी आजी. तुझ्या वडिलांची आई, उंचीनं कमी, कानांनी शाबूत. ओळख एवढ्यासाठी करून देतेय, की दीड महिन्यानं तुझं पत्र आलं आणि त्यात माझी चौकशी शेवटी, तीही कागदाच्या कडेला उभी लिहिलेली, असं तुझी आई सांगते. जागा उरली म्हणून मी आठवले असेन.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वडिलांचा खोकला गेला, बढाया राहिल्या. फोनवर तू ‘हो हो’ करून सुटतेस, म्हणून हे पत्र. मी सांगतेय, तुझी आई लिहितेय. ती माझं बोलणं सभ्य करते, म्हणून मी प्रत्येक ओळ तिच्याकडून परत वाचून घेते.

तर तुझं दुकान. मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासायचं काम तुझं. पुढे गिऱ्हाईक बघणारी बाई नोकरी सोडून गेली तेव्हा मालक म्हणाले, “सध्या तेवढं पुढचंही बघ.” त्याला आठ महिने झाले. गिऱ्हाईक आलं की हात पुसून पुढे पळायचं, फ्रेमा दाखवायच्या, कुरकुर ऐकायची, पुन्हा मागे. तू दोन्हीकडे, पगार मात्र अजून मागच्याच खोलीत. डबाही उभ्यानं खातेस म्हणे. हे तू नाही कळवलंस, तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं.

येत्या शुक्रवारी मालक वर्षाचे पगार ठरवणार आणि तू गप्प बसणार. वर लिहितेस, “आजी, तू कधी कुणापुढे हात पसरला नाहीस. मी तुझीच नात.”

हे ऐकून तुझे वडील ताठ बसले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

‘सध्या’ मला चांगलं माहीत आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात मी चादरी धुवायची. कोठीवाली बाई गेली, तेव्हा साहेब म्हणाले, “सध्या किल्ल्या तुमच्याकडे राहू द्या.” ते सध्या अकरा वर्षं चाललं. धुणं माझं, कोठीही माझी. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका ती शस्त्रक्रियेची चादर, निळा टाका ती मुलांची. एक चादर इकडची तिकडे गेली नाही.

घरात सगळ्यांना ठाऊक आहे, की मी वाढ मागितली नाही. मीच सांगत आले, “आपण मागायला जात नसतो.”

ठमे, मी गेले होते. धुतलेलं लुगडं नेसून गेले. कारकून चांगला माणूस होता. म्हणाला, “मावशी, मिळेल की. दोन ओळींचा अर्ज लिहून आणा,” आणि एक कोरा कागद दिला. लिहिता येत नाही, हे माझ्या तोंडून निघेना. किल्ल्यांवर माझा रुबाब होता ना. कुणाकडून लिहून घेतलं असतं तर त्याला कळलं असतं. तो कागद मी चादरींच्या कप्प्यात अंथरला. पुढची सगळी वर्षं त्याच्यावर चादरी रचल्या.

मग घरी येऊन जे बोलले, त्याला तुम्ही सगळे स्वाभिमान म्हणता.

तुझ्या आईचा हात थांबलाय. लिही गं बाई, सगळं लिही.

केलेल्या कामाचं मागायचं, त्याला हात पसरणं म्हणत नाहीत. माझी लाज तू वारसा म्हणून घेऊ नकोस. घ्यायचंच असेल तर माझं पितळी घंगाळ घे. तुला लिहिता येतं. कुठल्या तारखेपासून कुठलं काम करतेस ते लिही, किती वाढ हवी तो आकडा लिही, आणि कागद मालकाच्या हातात दे. ते ‘सध्या’ म्हणाले, तर ‘कधीपर्यंत’ असं विचार आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नकोस.

खाली अंगठा माझाच आहे. जरा फिसकटलाय, तो शाईचा दोष.

तुझी आजी

ता. क. दात दोनच उरलेत, तेव्हा मऊ बिस्किटं पाठव. वाढ मिळाली तर बदामाची. मालक नाही म्हणाले तर साधी, तीही मी गोड मानून खाईन. विचारलंच नसशील, तर काही पाठवू नकोस.