कपबशी आणि शिलाई मशीन

कोसाड, सुरत
१४ डिसेंबर, रविवार

ती. रंभाताई,

तुझ्या धाकटीचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो तेवढाच. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नकोस. फोनवर माझा आवाज आला की तू बंद करतेस, म्हणून सातवी पास बहिणीला पाचवी शिकलेली बहीण कागदावर गाठते आहे. पत्र दाजी स्वतः तुझ्या हातात देतील. ते उद्याच्या भुसावळ गाडीने निघताहेत.

हो, माझे दाजी, तुझेच मालक. आत्ता माझ्या घरी खाटेवर बसून शेंगदाणे सोलताहेत. आणि कोणाबरोबर? यांच्याबरोबर.

कसं झालं ते सांगते. गुरुवारी सकाळी दार वाजलं. दर निवडणुकीला गावाहून मतदारांना न्यायला गाड्या येतात, तू जाणतेसच. यांच्या पक्षाची वेगळी, दाजींच्या पक्षाची वेगळी, आणि चुकून दुसऱ्याच्या गाडीचा चहा प्यालात तरी पाप. यांनी दार उघडलं तर समोर दाजी, हातात यादी. इतक्या वर्षांची सवय, यांनी दार लावूनच घेतलं. मग परत थोडंसं उघडून पाहिलं. दाजींच्या गळ्यात दोन उपरणी होती, एक त्यांच्या पक्षाचं, एक यांच्या पक्षाचं. युती झाल्यापासून कोसाड-अमरोलीची यादी दाजींकडे आली होती आणि तिच्यात पहिलंच नाव यांचं होतं.

दोघं उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड नुसते उभे. आधी यांचा पक्ष फुटला तेव्हा दाजींनी गावात पेढे वाटले होते, मग दाजींचा फुटला तेव्हा यांनी इथे लूमच्या कारखान्यात जिलेबी वाटली होती. चिन्हं बदलली, झेंडे बदलले, पण हे दोघे एकमेकांविरुद्ध कायम. आणि आता वरच्यांनी एकमेकांना हार घातले, तर खालच्यांनी करायचं काय? हे शेवटी एवढंच म्हणाले, "आते भांडानं कोनासंगे?" आणि पाट मांडायला सांगितला.

मग काय, एकाच बसमधून गावी आलो. नवापूर गेलं तरी दोघांचं बोलणं थांबेना. मी मागच्या सीटवर बसून पोरीसारखी खिडकीला नाक लावून होते. वाटत होतं, शाळेच्या रांगेत तू दिसशील, मी हाक मारीन, तू वळशील.

तू दिसलीस. माझ्या पुढे सहा बायका होत्या आणि त्यांच्यापुढे तू. हिरवं लुगडं, पाठ ताठ. मत देऊन माझ्या शेजारून गेलीस, वळली नाहीस. परतताना यांनी दाजींना दोन दिवसांसाठी सोबत इथे आणलं. त्यांनी घरी तुला किती विनवलं ते वाटेत सांगितलं, आणि तुझं उत्तरही सांगितलं. "तुमनी युती व्हयनी, आमनी नही व्हयनी." ताई, वाईट वाटलं, पण हसूही आलं. अशी बोलणारी गावात तू एकच.

बाकी बातमी अशी, की आपल्या मयुरीचं लग्न ठरलं. मुलगा दीपक, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात आहे, आई-वडील आपल्याच शिरपूरकडचे. पोरगा लाजाळू आहे आणि पोरगी अजिबात नाही, त्यामुळे संसार चांगला चालेल. लग्न दोन फेब्रुवारीला, इथेच. मयुरी गुजरातीत भांडते, हिंदीत हसते आणि मला मराठीत शिकवते, पण लग्नात हळद लावायला मोठी मावशीच पाहिजे म्हणते. तिने तुला फक्त फोटोत पाहिलंय.

इकडचं तिकडचं खूप लिहून झालं. आता लिहायचं ते लिहिते.

सत्तावीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीला बायकांची जागा निघाली. दाजींच्या पॅनेलकडून तू, यांच्या पॅनेलकडून माझ्या सासूबाई. तुझं चिन्ह शिलाई मशीन, त्यांचं कपबशी. आदल्या संध्याकाळी तू पाणवठ्यावर माझा हात धरलास. "सुंदे, मत मालेच दे." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, तू एका मताने पडलीस, आणि एक मत बाद निघालं. तू मला विचारलंस, "तुनं मत कोनले?" मी म्हटलं, "तुलेच." पण तुझ्याकडे बघून म्हटलं नाही. त्या दिवसापासून तुझा समज आहे की मी सासूबाईंना निवडलं.

ताई, ते बाद मत माझं होतं.

पडद्यामागे गेले. घरी परत त्याच चुलीपाशी जायचं होतं, भीतीने कपबशीवर शिक्का मारला. मग खाली मशीन दिसलं. तसल्याच मशीनवर तू माझ्या लग्नाचं पोलकं शिवलं होतंस, एका रात्रीत नव्हे, आठ दिवस, उसवून परत शिवून, कारण मी सारखी रडून बारीक होत होते. ते मशीन तसंच कोरं सोडून कशी येऊ? त्याच्यावरही शिक्का मारला. मला वाटलं, दोघींना अर्धं अर्धं मिळेल. खरंच तसं वाटलं होतं. नंतर सगळा तालुका हसला की कोण ही बावळट, आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसले. तुझ्याशी खोटं बोलले त्याची लाज मला आजही वाटते. मला माफ कर.

काल जेवताना ही गोष्ट या दोघांना सांगितली. ते मत पैशाने विकत घेतलं, ते मत दमदाटीने बाद केलं, असे दोघे सत्तावीस वर्षं एकमेकांवर आळ घेत होते. मग दाजी असे हसले की ठसका लागून ताटातली कढी सांडली. मी यांना म्हटलं, भांडायला कोणी नाही ना, आता मन्हासंगे भांडा. हे म्हणाले, तुझ्याशी भांडायला मला पक्ष लागत नाही. दाजींना शपथ घातली आहे, तू पत्र वाचेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पत्राबरोबर पिशवी आहे. तिच्यात मयुरीच्या शालूचं ब्लाउजपीस आणि मापाचं पोलकं. सुरतेत गल्लीगल्लीला टेलर आहेत, एकालाही हात लावू दिला नाही. शिवायचं नसेल तर दाजींबरोबर परत पाठव, मी रागावणार नाही. शिवलंस तर मात्र पार्सल करू नकोस, तू घेऊन ये. हळदीच्या दोन दिवस आधी ये. मी स्टेशनावर येईन, गुडघ्यासकट.

मोठ्या बहिणीने मोजलं नाही तर ते कोण मोजणार,

तुझंच बाद मत,
सुंदरा