कांदा, शिसं आणि तिसरा महिना

१२ मार्च २००६
झालं एकदाचं! सहा वर्षांनी हीनाच्या दुखण्याला नाव मिळालं. ऑटिझम. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.

मग मलाच प्रश्न. हीना पोटात असताना काय खात होता? घराजवळ धूर, कारखाना? म्हटलं, नवऱ्याचं, अमीरचं, हायवेला बॅटरीचं दुकान आहे, किकवीला. मागं भट्टी. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. भट्टी आणि आमची आतली खोली यांच्यात एक भिंत. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता पुन्हा तिसरा महिना आहे ना? त्या धुरापासून लांब राहा. पोटभर खा, गोळ्या चुकवू नका."

विचारलं, मग हीनाला त्यानंच झालं का? म्हणाल्या, "तसं कुणीच ठाम सांगू शकत नाही. धोका वाढतो, एवढंच."

धोका वाढतो! हे घरी कुणाला समजावू? अमीर तर येताना एसटीत झोपला.

१३ मार्च
सासूबाईंना सांगितलं. उत्तर तयारच! "डाक्टरला काय कळतंय? तू गिराणात सुरी धरलीस, त्याचं हे."

नव्व्याण्णव सालचं ग्रहण. मला पाचवा महिना. मी एक कांदा चिरला होता. एक! सहा वर्षं झाली, तो कांदा अजून शिजतोय या घरात. ईदला आलेल्या पाहुण्यांनाही वाढतात.

१६ मार्च
अमीरशी वाजलं. "दुकान बंद करू? खायचं काय मग?" अहो, बंद करा कोण म्हणतंय! भट्टी ओढ्यापलीकडं न्या. तर म्हणे गिऱ्हाइकाला तिथवर कोण जाणार. "आन् मी रोज त्या धुरात उभा असतो. मला काय झालं का?"

म्हटलं, तुम्हाला दिवस गेलेत का?

हसला! मी रडायच्या बेतात आणि हा हसला.

१९ मार्च
गोळ्या गायब. सासूबाई म्हणतात, "मला न्हाई ठावं." शेजारच्या सखूबाई चहाला आलेल्या, त्यांनी वर आणि हातभार लावला— "लाल गोळ्यांनी पोर काळं निपजतं गं. आन् खाऊ बी नको लई. पोर मोठं झालं की शिजर करत्यात." हीनाच्या वेळी हेच ऐकलं होतं मी. अर्धी भाकरी खाऊन उठायची. मुकाट्यानं! कसली शहाणी सून!

२० मार्च
गोळ्या सापडल्या, तांदळाच्या डब्यात. घेतली. वर दोन अंडी खाल्ली. सासूबाई बघत बसल्या. बसू देत!

२५ मार्च
उलट्या. हीनानं सगळ्या चपला एका रांगेत लावल्या. एक हलवली तर तासभर ओरडली. कंटाळा आला. देवा, कंटाळा आला म्हणायची तरी मुभा आहे का मला?

२८ मार्च
उद्या संध्याकाळी ग्रहण. इथं जेमतेम दिसणार म्हणे. पण सासूबाईंची तयारी बघावी! आतल्या खोलीच्या खिडकीत गोधडी कोंबली, दाराच्या फटीत चिंध्या. पाणी नाही, अन्न नाही, झोपायचं नाही, हात-पाय आखडायचे नाहीत. भोरला आईकडं जाते म्हटलं तर, "वाटंत गिराण लागलं तर कोन जबाबदार?"

२९ मार्च


चारलाच मला आत घातलं. हीनाला मी सोडलं नाही, तीही आत. बाहेरून कडी! थोड्या वेळानं भिंतीपलीकडं भाता सुरू झाला. कुणी ट्रकवाला घाईत होता. ग्रहणात मी पाणी प्यायचं नाही, पण शिसं वितळलेलं चालतं!

भिंतीला वर फट आहे. तिथून धूर आत. खिडकी बंद, दार बंद, जाणार कुठं तो? तोंडाला गोडसर चव आली. हीना खोकायला लागली. मी दार बडवलं. बाहेरून सासूबाई, "गिराण सुटंस्तवर दार उघडायचं न्हाई! तुज्या भल्यासाठीच सांगत्ये!"

उजेड येऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त. आणि धुराला मोकळं रान!

कोपऱ्यातला पाटा उचलला आणि आतूनच दारावर, कडीच्या जागी हाणला. तिसऱ्या दणक्याला कडी निघाली. हीनाला काखेत घेतलं, उघड्या अंगणातून दुकानामागं गेले आणि वाळूची पाटी भट्टीत उपडी केली. सासूबाई कपाळ बडवत मागं— "तोबा तोबा, पोटातलं गेलं!" ट्रकवाला तोंड उघडं टाकून बघत होता. अमीरनं भाता सोडला.

सूर्य मात्र होता तसाच वाटला मला.

३० मार्च
सकाळी बघते तर भट्टीच्या विटा हातगाडीवर. अमीर एकटाच ओढ्यापलीकडं ओढत नेतोय. माझ्याकडं बघत नाही. नको बघू! पण मी त्याला चहा नेऊन दिला. प्यायला.

२ एप्रिल
दुपारी सासूबाई आपणहून जवळ येऊन बसल्या. हीनाकडं बघत म्हणाल्या, "माजा थोरला बी असाच व्हता. हाक मारली तरी बघायचा न्हाई." हे सगळे भोरला राहायचे तेव्हा, सातव्या वर्षी तो नदीत बुडाला. तेव्हा ना दुकान होतं ना भट्टी. सासूबाईंच्या सासूनं त्यांनाच बोल लावला, जन्मभर. अमीरला एवढंच सांगितलंय की थोरला भाऊ तापानं गेला.

मी नाव विचारलं. "कामरान," म्हणाल्या आणि तोंडात पदर कोंबला.

धूर नव्हता, तरी तसाच. मग माझ्या पोटातलं?