डेकखाली शिरण्याआधी

नेव्हिल,

वखारीतून आलास की आधी हे वाच. घरामागच्या लाकडी डेकखाली एकट्यानं शिरू नकोस. शेजारचा टामा चारला कामावरून सुटतो, कोपऱ्यातला खांब त्याच्याबरोबर बदल. माझी ड्यूटी आहे म्हणून जातेय, नाहीतर दारातच बसले असते. तुझा टॉर्च मी नेलाय, शोधत बसू नकोस.

कपडे वाळत घालताना सहज वाकून बघितलं. कुजलेला खांब तू कापून टाकलायस आणि वरची अख्खी तुळई गाडीच्या जॅकवर उभी आहे. जॅक दोन विटांवर आणि विटा चिखलात. वासे निवडताना एकेक डोळ्यासमोर धरून त्याचा बाक बघत अर्धा दिवस घालवतोस, आणि स्वतःच्या डोक्यावर काय टांगून ठेवलंयस ते दिसत नाही तुला? "काही होत नाही गं" म्हणू नकोस. तसंच म्हणून तू तो खांब थेट मातीत पुरला होतास. नवा तरी लोखंडी बैठकीवर बसव, जमिनीपासून वर.

चीज रोल फ्रीजमध्ये आहेत. टामालाही दे.

काल डेकखालून तुझे नुसते बूट बाहेर दिसत होते. तुझी शीळ थांबली. मी तीनदा हाक मारली, तू ओ दिली नाहीस. मग बाहेर आलास, तोंडात स्क्रू धरलेले, आणि तसाच हसलास. मीही हसले. पण तेवढ्या वेळात रोवेनाला फोनवर तिच्या बाबांबद्दल काय सांगायचं, ते माझं ठरून गेलं होतं.

मॅविस