मशीन उठेपर्यंतचा चहा

आई, तुझा कॉम्प्युटर मी दुरुस्त केला आणि घरात गोंधळ घालून ठेवला. कामोठ्याच्या घरात तो अजून खिडकीखालीच आहे, एका बाजूचं झाकण काढलेला, शेजारी टेबल फॅन. तू लग्नपत्रिका टाइप करायचीस, अप्पा तपासायचे. सकाळी बटण दाबलं की मशीन उठेपर्यंत चहा होऊन पिऊन व्हायचा, आणि तेवढ्यात तुम्ही दोघं आदल्या दिवशीची पत्रिका मोठ्यानं वाचायचात. मी सारखी रीस्टार्ट करायला धावायचे. "दम धर की गं! उठतंय ते. बूड टेकव जरा," तू ओरडायचीस. बूड मी आजही टेकवत नाही. वाशीच्या ऑफिसात लिफ्टला उशीर झाला की जिन्यानं पळत सुटते.

तू गेल्यावर अप्पांनी हे काम एकट्यानं चालू ठेवलं. पण मागच्या महिन्यात तुझी डिस्क करकर वाजायला लागली. ती बंद पडली तर तुझ्या सगळ्या पत्रिका जातील, या धास्तीनं मी नवी डिस्क आणली. दोन्ही जोडल्या तर मशीन अडूनच बसलं, कोणावरून सुरू व्हायचं ते त्याला कळेना. वायरी काढ, घाल, पुन्हा काढ. शेवटी सेटिंगमध्ये नवीला पहिला नंबर दिला, सगळं तिच्यावर उतरवलं. बटण दाबलं, तर अप्पा गॅसपाशी पोचायच्या आत स्क्रीन लागलेली.

"एवढ्यात झालं? मग चहा कधी प्यायचा?"

"आधी प्या, मग चालू करा."

"ते तसं नसतंय," अप्पा म्हणाले आणि उभ्याउभ्याच कामाला लागले.

आठवडाभरात एक पत्रिका छापून गेली, नवरीच्या मामांचं नावच नाही. मामा पत्रिका घेऊन स्वतः दारात. "मी मेलो काय हो?" अप्पा मला फोनवर एवढंच म्हणाले, "वाचायचंच राहिलं बघ." मी चिडले. अप्पांवर, मशीनवर, सगळ्यात जास्त तुझ्यावर. वाचायला दुसरी वेळ नव्हती का तुम्हाला? आणि चिडता चिडता तुझी इतकी आठवण आली की मला ऑफिसात बसवेना.

म्हणून आज आलेय. पहिला नंबर पुन्हा तुझ्या डिस्कला दिला. प्रत नवीवर आहेच, ही बंद पडली तरी काही जाणार नाही. ती करकरत उठतेय, तोवर मी त्या चुकलेल्या पत्रिकेच्या पाठीवर हे लिहितेय. अप्पा कप हातात धरून दुरुस्त केलेली वाचतायत. "मामा?" ते विचारतात. "आहेत," मी तुझ्या स्टुलावरून सांगते. "आत्या?" "आहेत."

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, पत्रिकेबरोबर रद्दीतच जाईल. स्क्रीन लागली बघ. अप्पा उठले. आणि आई, मला अजून थोडा वेळ बसायचं होतं.