शितलच्या कोर्ससाठी आणखी एक हंगाम

वेरावळ, मंगळवार

सौ. काळीस,

महालक्ष्मीच्या कृपेने मी खुशाल आहे. तुझा खोकला गेला का?

जाळं ओढताना दोरीने तळहात थोडा कापला. घाबरू नकोस, जेवता येतं. पण ऐक! दवाखान्यात पट्टी बांधणारी पोरगी आपल्या उधवा गावची निघाली. आपल्या शितलला करायचा आहे तोच मेडिकल असिस्टंटचा कोर्स तिने केला आहे.

मी विचारलं, "बाय, चाळीस हजार फी वसूल होते का?"

ती हसली. "काका, सुरुवातीला पगार नऊ हजारच. पण वर्षात फी फिटली, आणि काम सावलीतलं."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, आनंदाने. बोटीच्या शेठकडे फीसाठी पुढच्या हंगामाची उचल मागितली, तो देतो म्हणाला. हा हंगाम शेवटचा, असं तुला सांगितलं होतं, ते विसरलो नाही. तू ओरडशील, "पन्नाशी आली, आधी गुडघे बघ!" गुडघे बरे आहेत, थंडीत तेवढे कुरकुरतात.

देवीला नारळ वाढव आणि शितलला डहाणूला नाव घालायला पाठव. ती तिकडे शिकेल, मी इकडे जाळं ओढीन. दोघांचं वर्ष बरोबरच सरेल.

तुम्हा सगळ्यांची आठवण काढणारा,
हाल्या