मांडीचे चार स्नायू आणि एक खुर्ची

४ ऑगस्ट

प्लास्टर निघालं. आतून डावा पाय बाहेर आला तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणाचा तरी दिला. मांडी पार वाळून गेलेली. माळ्यावरचा पंखा काढताना स्टुलावरून पडलो मी, गुडघ्याची वाटी फुटली माझी, आणि सहा आठवडे नुसतं पडून राहायला मिळालं तर या स्नायूंनी एवढं मनाला लावून घ्यावं?

डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता स्नायूंचं बघा. मी म्हटलं, स्नायूंचं मला सांगू नका, नववीला जन्मभर हाच धडा शिकवून रिटायर झालोय. ते "वा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

काठीनं घरभर चालता येतं. खुर्चीतून उठता मात्र येत नाही. उठायचं काम मांडीच्या पुढच्या चार स्नायूंचं, आणि ते चौघंही संपावर. शिवाय माझं वजन. (प्लास्टरमुळे वाढलं.)

घरी आल्याबरोबर हिनं कॅलेंडर समोर धरलं. लेकीची तारीख वीस सप्टेंबर. पहिलंच बाळंतपण. जावई जहाजावर, तोपर्यंत येणं शक्य नाही. लेक राहते दिवसभराच्या प्रवासावर, एकटी. तेव्हा महिनाअखेर हिला तिकडे जायचंय आणि त्यासाठी अट एकच, मी कुणाचा हात न धरता उठलो पाहिजे. मी म्हटलं, आठवड्यात उठतो, तिकीट काढून टाक. ही म्हणाली, "आधी उठा."

५ ऑगस्ट, सकाळ

फिजिओबाई येऊन गेल्या. वयानं लेकीएवढ्या, चेहरा माझ्यासारखा दमलेला. मला 'सर' म्हणतात, ते बरं वाटलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, टॉवेल खाली दाबा, मांडी आवळा, धरा, सोडा. एवढंच. दिवसातून चारदा. जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला टॉवेल दाबायला सांगणं हा अपमानच, पण मी मनावर घेतलं नाही. उलट त्यांना समजावलं की स्नायू फक्त ओढू शकतो, त्याला ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीनं असतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सुटतो. त्या म्हणाल्या, बरोबर, आता ओढा.

ओढलं. वाटी होती तिथंच राहिली. टॉवेल फार जाड होता.

खुर्चीही बदला म्हणाल्या. माझी बुटकी आहे, जेवणाच्या टेबलाची उंच खुर्ची घेतली की उठणं सोपं जाईल. ती खुर्ची बोचते. शिवाय सोपा पेपर सोडवून पास होणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

७ ऑगस्ट

व्यायामाआधी नियोजन हवं. दिवसभर बसून मांडीचा तक्ता काढला. चार स्नायू चार रंगांत, सगळे खाली वाटीला येऊन मिळतात. बाजूला एका तंतूचं मोठं चित्र. आत जाड धागे आणि बारीक धागे, मेंदूकडून हुकूम आला की ते एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखडतो. धागा स्वतः आखूड होत नाही, नुसता सरकतो. हे वाक्य मी लाल रंगात लिहिलं. नववीतली निम्मी मुलं इथंच चुकायची.

तक्ता खुर्चीसमोर चिकटवून घेतला. म्हणजे हिनं चिकटवला. टॉवेल आज राहिला. तरी मान, खांदा, बोटं, डोळे, एवढ्यांना व्यायाम झालाच.

१० ऑगस्ट

काल टॉवेल दाबला. एकदा. आज मांडी दुखते. हे शुभलक्षण आहे. व्यायामानं स्नायूला बारीक बारीक इजा होते आणि विश्रांतीत तो दुरुस्त होऊन जास्त बळकट होतो. म्हणजे खरं काम विश्रांतीतच होतं. लोक हे विसरतात आणि उगाच घाम गाळत बसतात. मी दुरुस्तीवर भर द्यायचं ठरवलंय.

ही विचारत होती, तिकिटाचं काय करू. म्हटलं, घाई कशाला.

१३ ऑगस्ट, दुपार

कुठंतरी वाचलं होतं की नुसती व्यायामाची कल्पना केली तरी मेंदूतून स्नायूकडे थोडाफार संदेश जातो. म्हणून आजपासून मानसिक व्यायाम. डोळे मिटले. मनातल्या मनात उठलो, बसलो, उठलो, बाजारात जाऊन आलो. जाग आली तेव्हा चहाची वेळ झाली होती.

फिजिओबाईंनी विचारलं, केला का व्यायाम? म्हटलं, भरपूर. त्यांनी मांडी चाचपून पाहिली, मग भिंतीकडे पाहिलं. तक्ता मात्र सुंदर आहे म्हणाल्या.

१६ ऑगस्ट

मोठी प्रगती. आज दिवसभरात पुष्कळदा उठलो.

ही समोर उभी राहते, एक हात माझ्या काखेत घालते, दुसऱ्यानं कमरेचा पट्टा धरते. मी 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि उठतो. हात आधारासाठी नाही, धीरासाठी आहे. हिचा वाटा मी पाच टक्के धरतो. ही म्हणते, दम लागतो. पाच टक्क्यांना दम लागत असेल तर तिनंच प्रकृतीकडे लक्ष द्यायला हवं. तसं मी तिला सांगितलंही.

भीती वाटते असं नाही. फक्त बूड खुर्चीवरून सुटताना एक क्षण असा येतो की वाटी पुन्हा फुटणार, तोच कड् आवाज येणार असं वाटतं. त्या क्षणी हिचा हात असला म्हणजे बरं.

१९ ऑगस्ट

हिच्या शिवणाच्या टेपनं मांडी मोजली. गेल्या खेपेपेक्षा चांगली वाढली आहे! हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, मागच्या वेळी गुडघ्याजवळ मोजली होती, आज कमरेजवळ मोजताय. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

रात्री लेकीचा फोन. ती म्हणाली, पाय सुजलेत, घरात एकटं वाटतं, आई कधी येते? मी फोन घेतला आणि सांगितलं की चिंता करू नकोस, वडिलांची मांडी वाढते आहे. ती हसली नाही. मग तिला सांगितलं की गर्भाशय हादेखील स्नायूच असतो, अतिशय ताकदवान. तिनं आईला फोन द्यायला सांगितलं.

२२ ऑगस्ट

परीक्षा. फिजिओबाईंनी हिला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि मला म्हणाल्या, उठा.

वातावरण परीक्षेला पोषक नव्हतं. एक तर चहा झाला नव्हता. दुसरं, दोघी टक लावून बघत होत्या, आणि असं कुणी बघत असेल तर कुठलाही स्नायू बिथरतो. पहिल्या प्रयत्नात मी पुढं झुकलो. दुसऱ्यात पुढं झुकून मागं आलो. तिसऱ्यात बूड नक्की सुटलं होतं, दोघींना दिसलं नाही. तेवढ्यात ही पळत आली आणि काखेत हात घातला. मी तिला बोलावलं नव्हतं. ओरडलो होतो, पण बोलावलं नव्हतं.

फिजिओबाई म्हणाल्या, काकू, तुम्ही उचलू नका त्यांना. ही म्हणाली, मग कोण उचलणार?

संध्याकाळी स्वतःच पेपर तपासला. झुकण्याचे दहा, प्रयत्नांचे दहा, सैद्धांतिक ज्ञानाचे पैकीच्या पैकी, थोडे ग्रेस. उत्तीर्ण. हिला म्हटलं, काढ तिकीट. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. पण काढलं तिनं तिकीट. तीस तारखेचं. मला वाटतं, माझ्या निकालावर तिचा विश्वास बसला.

२६ ऑगस्ट

सकाळी मला उठवताना हिच्या कमरेत उसण भरली. मी अर्धा उठलेला, ही वाकलेली. दोघंही तसेच. मग मी परत खुर्चीत बसलो आणि ती भिंतीला धरून हळूहळू पलंगापर्यंत गेली.

खुर्चीतूनच तिला समजावलं की पाठीचे स्नायू नाजूक असतात, वजन उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसून मांड्यांच्या जोरावर उचलायचं. तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला. बहुधा दुखत असावं.

दिवसभर खुर्चीतच होतो. दुपारी खालच्या मजल्यावरचा शिंपी येऊन उठवून गेला. पाण्याचा तांब्या टेबलावर होता. ती पलंगावर, मी इथं, तांब्या मधे.

२७ ऑगस्ट

फिजिओबाई आल्या त्या थेट हिच्या पलंगाशी गेल्या. तिथं बराच वेळ होत्या. गरम पाण्याची पिशवी दिली, औषधासाठी डॉक्टरांना फोन लावला, प्रवास अजिबात करायचा नाही म्हणाल्या. जाताना माझ्यासमोर थांबल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

"सर, तुमच्या मांडीचं काम आजवर काकूंच्या कमरेनं केलंय."

त्या गेल्यावर मी हिला म्हटलं, बाई काही म्हणोत, तीस तारीख अजून लांब आहे. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "मला तिथं असायचं होतं हो. तिचा हात धरायला."



२९ ऑगस्ट

काल आणि आज टॉवेल दाबला. खरोखर दाबला, चारचारदा. घाम आला. आज सकाळी एकदा वाटी हलली. केसभरच, पण हलली, मी बोट ठेवून पाहिलं. इतका आनंद झाला की हिला हाक मारणार होतो. मग मारली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्या मुलांना मी जन्मभर झापलं. स्नायूचंही तसंच असतं, एका रात्रीत होत नाही. मला हे माहीत होतं. तक्त्यात खाली लिहिलंही आहे, हिरव्या रंगात, सुवाच्य.

उंच खुर्ची मागवली. म्हणजे शिंप्याला सांगितलंय, वेळ मिळाला की सरकवून देईन म्हणाला.

रात्री फोन. ही रडत बोलत होती. लेक म्हणाली, तू येऊ शकत नाहीस तर मीच येते. तिच्या डॉक्टर नको म्हणतात. ही नको म्हणते. मीही नको म्हटलं. ती म्हणाली, बाबा, इथं एकटी राहण्यापेक्षा बरं.

२ सप्टेंबर

दुपारी बेल वाजली. ही आत पलंगावर, मी बुटक्या खुर्चीत. शिंपी दुकानात. मी "आलो, आलो" म्हणालो.

दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले. झुकलो. मांडी थरथरली, पण उठली नाही. बेल पुन्हा वाजली. "आलो," मी म्हणालो. बाहेर टॅक्सी निघून गेल्याचा आवाज आला, म्हणजे लेक सामान घेऊन दारात एकटी उभी होती. पुन्हा जोर लावला. कुठले चार स्नायू, कुठं जोडलेले, कशानं आखडतात, सगळं डोळ्यांपुढं होतं. "आलो गं," मी म्हणालो.

शेवटी हीच उठली. भिंतीला धरून, दारांना धरून गेली आणि कडी काढली. मायलेकी दारातच एकमेकींना बिलगल्या. एकीला वाकता येत नव्हतं, दुसरीला पोटामुळे जवळ येता येत नव्हतं. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

लेकीनं चपला काढल्या, पाणी प्यायली, आईला निजवून आली. पाय फार सुजलेत तिचे. मी म्हटलं, तू बस आधी. ती म्हणाली, बसते, पण तुम्ही सकाळपासून इथंच आहात ना, आधी तुम्हाला आत नेते.

तिनं पाय जरा फाकवून नीट रोवले, एका हातानं पोट धरलं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. घेऊ नये हे कळत होतं. मी घेतला.